फळ्यावरचं कोणी पुसायचं?

पुण्यातल्या पेठांमधून चालत गेलात तर कुठल्या तरी मंडळाच्या भिंतीवर वार्ताफलक दिसतोच. काळा फळा, माथ्यावर मंडळाचं नाव, खाली खडूनं लिहिलेला मजकूर. कुणाला श्रद्धांजली, कुणाचं अभिनंदन, गुरुवारी पाणी येणार नाही ही सूचना, आणि अधूनमधून महापालिकेला काढलेला चिमटा. समजा, एका रात्री कुणीतरी या फळ्यावर लिहून गेलं की समोरचा दुकानदार तुपात भेसळ करतो. सकाळी दुकानदार तणतणत आला. त्यानं कुणाला धरायचं? लिहिणाऱ्याला, पण तो तर पसार. मग फळा ज्यांचा त्या मंडळाला? मंडळ म्हणणार, फळा आमचा, अक्षर आमचं नाही. बरं, दुकानदार म्हणतो म्हणून मंडळानं लगेच पुसून टाकावं का? आणि तुपात खरोखरच भेसळ असली तर?

फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, एक्स यांच्यावरच्या मजकुरावरून सरकार, कंपन्या आणि न्यायालयं यांच्यात वर्षानुवर्षं जे चाललं आहे, ते मुळात या फळ्याचंच भांडण आहे. फरक एवढाच की या फळ्यावर कोट्यवधी माणसं एकाच वेळी लिहितात, आणि पुष्कळदा तणतणत येणारा दुकानदार म्हणजे खुद्द सरकार असतं.

फळा टांगणाऱ्याचं कवच

भारतात याचा मुख्य कायदा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्यातलं कलम ७९ फळा टांगणाऱ्यांसाठी आहे. कायदा त्यांना ‘मध्यस्थ’ म्हणतो. लोकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी मध्यस्थाला जबाबदार धरू नये, हा या कलमाचा गाभा. पण ते आज आहे तसं सुरुवातीला नव्हतं. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर कुणीतरी एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. चित्रफीत कंपनीनं केलेली नव्हती, विकायलाही कंपनीनं ठेवलेली नव्हती. तरी कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. त्या प्रकरणानं सगळ्या धंद्यालाच धडकी भरली. २००८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मध्यस्थांचं कवच जाड झालं.

मात्र या कवचाला अटी आहेत. मजकूर तुम्ही स्वतः लिहिलेला नसावा, त्यात फेरफार केलेला नसावा, सरकारनं आखून दिलेली काळजी तुम्ही घेतलेली असावी. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी की बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर तुम्ही तो काढला पाहिजे. नाही काढलात तर कवच गळून पडतं आणि लिहिणाऱ्याच्या जोडीला तुम्हीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहू शकता.

आता ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे काय? कुणीही ईमेल केला की ती मिळाली असं धरायचं का? तसं धरलं तर ज्याला जे आवडलं नाही ते त्यानं कळवायचं आणि कंपनीनं घाबरून पुसायचं, असा खेळ सुरू होतो. या प्रश्नाचं उत्तर यायला २०१५ उजाडावं लागलं, आणि ते जिथून आलं त्या गोष्टीची सुरुवात पालघरला होते.

पालघरची पोस्ट

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर या बंदबद्दल नाराजी लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. लाइक करणारीलासुद्धा. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच.

त्यांच्यावर लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवलेला मजकूर ‘घोर आक्षेपार्ह’ असेल, किंवा जाणूनबुजून खोटी माहिती पाठवून कुणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ केली असेल, तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं ते कलम. त्रास आणि गैरसोय! या मापानं मोजलं तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना कोठडीची हवा खावी लागली असती.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठानं ६६अ पूर्णपणे रद्द केलं. वर्तमानपत्रांत मथळे झाले ते याचेच. पण त्याच निकालात कलम ७९ बद्दल जे म्हटलं आहे, ते फळ्याच्या दृष्टीनं तितकंच मोठं. ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे एक तर न्यायालयाचा आदेश, नाही तर सरकारची अधिसूचना. तीही राज्यघटनेनं घालून दिलेल्या मर्यादांमधल्या कारणासाठीच. रस्त्यावरच्या कुणीही येऊन ‘पुसा’ म्हटलं की पुसायची सक्ती मंडळावर राहिली नाही.

जाता जाता एक सांगायला हवं. रद्द झालेलं हे कलम लावून पोलीस पुढची कितीतरी वर्षं गुन्हे नोंदवतच राहिले. २०२१ मध्ये हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायाधीशांनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. दिल्लीत रद्द झालेलं कलम ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. अफवा मात्र त्याच्या मोबाइलवर त्याच मिनिटाला पोहोचते.

खोटं, घातक आणि बेकायदा

या विषयावरच्या बहुतेक वादांत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. मजकूर खोटा असणं, घातक असणं आणि बेकायदा असणं.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) नं भाषणस्वातंत्र्य दिलं आणि १९(२) मध्ये त्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. यादी पुन्हा वाचा. त्यात ‘खोटेपणा’ नाही. एखादं विधान खोटं आहे एवढ्यावरून सरकारला ते बंद करता येत नाही. त्या खोट्यातून दंगल पेटणार असेल, कुणाची अब्रू जात असेल, तर वरच्या यादीतलं कारण लागू होतं आणि मग कायदा हात घालू शकतो.

उदाहरण घ्या. ‘अमुक पानांचा रस प्यायलात की कॅन्सर पळतो’ हा निरोप खोटा आहे, घातक आहे. कुणी त्यापायी केमोथेरपी सोडली तर जिवाशी गाठ. पण भाबडेपणानं तो पुढे ढकलणाऱ्या आत्याबाईंना गुन्हेगार ठरवणं अवघड आहे. तोच रस बाटलीत भरून अशी जाहिरात करून विकायला लागलं की १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांविषयीचा जाहिरातबंदी कायदा आडवा येतो. उलट बाजूला पाहा: एखाद्या मुलीचे खासगी फोटो तिच्या संमतीवाचून टाकले, तर त्यात खोटं काहीच नसेल, पण ते बेकायदा आहे आणि तातडीनं काढलंच पाहिजे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबाबत तर दुमत असायचं कारणच नाही.

म्हणून ‘सरकारनं फेक न्यूजवर बंदी घालावी’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं, पण कायद्यात उतरवायला गेलं की ते हातातून निसटतं. कुठली फेक? कुणी ठरवलेली?

मग खोट्याकडे काणाडोळा करायचा? तसं म्हणणाऱ्यानं राईनपाडा आठवावं.

राईनपाडा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुख्यतः मंगळवेढा तालुक्यातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं तिथं भिक्षा मागायला आली होती. त्याआधी काही आठवडे मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप मोबाइलवर फिरत होते, महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर. जमावानं या पाच जणांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं.

त्या उन्हाळ्यात देशात फिरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातल्या कराचीची होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, आणि शेवटी मुलाला परत आणून सोडतात व ‘मुलांवर लक्ष ठेवा’ असा फलक दाखवतात. बालसुरक्षेची जाहिरात होती ती. कुणीतरी शेवट कापला. उरली ती फक्त पळवापळवी. लक्षात घ्या, उरलेल्या भागातलं एकही चित्र बनावट नव्हतं.

आणि हे सगळं घडलं व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे फळ्यावर नव्हे, बंद पाकिटात. तिथला निरोप पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो, मधल्या कंपनीलाही नाही. पुसायचा हुकूम द्यायचा तर पुसायचं कुठून? सरकारनं कंपनीला खरमरीत पत्रं लिहिली. कंपनीनं ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी निरोपावर लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, वारंवार फिरलेले निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं.

मला हा सगळ्यातला शिकण्यासारखा भाग वाटतो. एकही निरोप कुणी वाचला नाही, खरंखोटं कुणी ठरवलं नाही, कुणाचं तोंड बंद केलं नाही. फक्त पळण्याचा वेग कमी केला. घाटात ट्रकचा माल तपासत बसण्यापेक्षा गतिरोधक घालावा, तसं. तरीही आपल्याकडे सरकार म्हटलं की आधी माल उतरवायचीच भाषा होते.

सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपकडे आणखीही एक मागणी केली, ती अजून लटकलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०२१ मध्ये मध्यस्थांसाठी केलेल्या नियमांनुसार गंभीर गुन्ह्यांच्या तपासात निरोप पहिल्यांदा कुणी सुरू केला ते मोठ्या कंपन्यांनी सांगायला हवं. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एकाचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपावर खूण ठेवावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथं सांगून टाकलं की पाकिटाचं सील तोडायला लावलंत तर आम्ही निघालो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मारले गेलेल्या पाच जणांच्या घरच्यांना ‘हे सुरू कुणी केलं’ हे जाणून घ्यायचा हक्क आहे. आणि पत्रकाराला माहिती देणाऱ्या कारकुनाला आपलं नाव झाकून ठेवायचाही.

पुसायचे दोन दरवाजे

आता मूळ यंत्रणेकडे. आज सरकारला एखादा मजकूर हटवायचा असेल तर मुख्यतः दोन वाटा आहेत, आणि त्यांतला फरक कळला की बातम्या निम्म्या सोप्या होतात.

पहिली वाट कलम ६९अ. हे थेट ‘बंद करा’ असं सांगणारं कलम. कारणं मोजकी: सार्वभौमता, संरक्षण, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी. आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात. गृह, विधी, माहिती-प्रसारण अशा खात्यांच्या अधिकाऱ्यांची समिती प्रस्ताव तपासते, बाजू मांडायला किमान ४८ तास द्यायचे असतात, तातडी असेल तर आधी बंद आणि मग समिती. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली ती याच कलमाखाली. श्रेया सिंघल निकालात हे कलम टिकलं, आणि ते टिकलं याचं कारण या पायऱ्याच होत्या.

दुसरी वाट कलम ७९ च्या त्या ‘प्रत्यक्ष माहिती’तून जाते. इथं सरकार ‘बंद करा’ म्हणत नाही. ते कळवतं, की हा मजकूर बेकायदा आहे, ठेवलात तर कवच जाईल. सावकार दारात येऊन ‘बघा बुवा, घर तुमचं आहे’ म्हणतो ना, तसं. या वाटेला समिती नाही, सुनावणी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ नावाचं पोर्टल सुरू आहे. केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणा त्यावरून कंपन्यांना अशा सूचना पाठवतात.

एक्स कंपनी याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. कलम ७९ ही ढाल आहे, तिची तलवार करून ६९अ च्या पायऱ्या चुकवल्या जात आहेत, असा तिचा युक्तिवाद होता. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. नागप्रसन्ना यांनी याचिका फेटाळली. समाजमाध्यमांना मोकाट सोडता येणार नाही आणि परदेशी कंपनीला कलम १९ चा आधार घेता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख. महिन्याभरात केंद्रानं स्वतःच नियम थोडे आवळले: अशी सूचना सहसचिव दर्जाच्या, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच द्यायची, कारणासह द्यायची, आणि सचिव पातळीवर दरमहा आढावा घ्यायचा. कोर्टात जिंकल्यावर असे लगाम घालावेसे वाटले, यातच काय ते आलं.

मग आलं घड्याळ. २०२१ च्या नियमांत अशा आदेशानंतर ३६ तासांत मजकूर काढायची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये ती ३ तासांवर आली. त्याच दुरुस्तीनं कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या चित्रांवर आणि चित्रफितींवर तशी ठळक खूण करणं बंधनकारक झालं. ते योग्यच झालं. नेत्याचा हुबेहूब आवाज काढून निवडणुकीच्या आदल्या रात्री सोडलेली चित्रफीत ३६ तास राहिली, तर पुसण्यात काय हशील?

पण तीन तासांत काय काय करायचं ते पाहा. सूचना वाचायची, मजकूर पाहायचा, तो बेकायदा आहे का हे ठरवायचं. आणि मजकूर मराठीत असला तर? ‘धन्य ते आमचे आमदार, केवढे उपकार केलेत खड्ड्यांवर!’ या वाक्यात स्तुती आहे की शिवी, हे मराठी माणसाला विचारावं लागत नाही. दूरदेशी बसलेल्या यंत्राला ते सांगणार कोण? कंपनीपुढचा हिशेब अगदी सोपा आहे. चुकून पुसलं तर फार तर एक वापरणारा कुरकुर करतो. चुकून ठेवलं तर कवच जातं. असा तराजू हातात दिला की माणूस पुसणार. कंपन्यांना भाषणस्वातंत्र्याचं प्रेम आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा तराजू डोळ्यांसमोर ठेवावा.

स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश

एवढं समजलं की मुंबई उच्च न्यायालयातल्या त्या गाजलेल्या खटल्याचं महत्त्व कळतं. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रानं नियमांत एक दुरुस्ती केली. केंद्र सरकार एक तथ्य-तपासणी कक्ष नेमणार. ‘केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी’चा एखादा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असं या कक्षानं ठरवलं, की तो मध्यस्थांनी आपल्याकडे राहू न देण्यासाठी प्रयत्न करायचे. नाही केले तर पुन्हा तेच, कवचाला मुकायचं.

मुंबईचा विनोदवीर कुणाल कामरा न्यायालयात गेला. त्याच्यामागोमाग एडिटर्स गिल्ड ही संपादकांची संघटना आणि मासिकांची संघटनाही. कामराचं म्हणणं असं की माझा धंदाच सरकारची टिंगल करण्याचा. विनोद म्हणजे अतिशयोक्ती, आणि अतिशयोक्तीला ‘दिशाभूल’ ठरवायला कितीसा वेळ लागतो? सरकारचं म्हणणं होतं की टीका किंवा विनोद आम्हाला रोखायचाच नाही, फक्त खोटी माहिती रोखायची आहे. शिवाय मजकूर काढलाच पाहिजे असंही नाही, खाली खुलासा लावूनही भागेल.

३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठाचाच निकाल दुभंगला. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द केला, न्या. नीला गोखले यांनी कायम ठेवला. तिसऱ्या न्यायाधीशांकडे, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे, प्रकरण गेलं. दरम्यान मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, केंद्रानं कक्षाची अधिसूचना काढलीही. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूनं मत दिलं आणि नियम गेला.

निकालातला युक्तिवाद कळायला वकील असावं लागत नाही. ‘बनावट, खोटं, दिशाभूल करणारं’ या शब्दांची व्याख्याच नाही. जी गोष्ट कागदावर छापली तर चालते, तीच पडद्यावर आली की बाद कशी? नागरिकांच्या कानावर फक्त सत्यच पडेल हे पाहणं राज्यघटनेनं सरकारवर सोपवलेलं काम नाही. आणि केंद्राच्या कामकाजाविषयीच्याच माहितीला हे खास संरक्षण का? तुमच्या-माझ्याविषयी कुणी खोटं लिहिलं तर आपल्या दिमतीला कुठला कक्ष आहे?

आपल्या फळ्यावर हे ठेवून पाहा. दुकानदारानं यावं आणि म्हणावं, माझ्या तुपाविषयीचं काय खरं ते मीच ठरवणार, आणि मी खोटं म्हटलेलं तुम्ही ठेवलंत तर तुमच्या मंडळाचा परवाना धोक्यात. तूप चांगलं असेलही हो. पण त्याचा निकाल त्यानं द्यायचा नसतो. सरकारला खुलासा करायला कुणीच अडवलेलं नाही. केंद्राच्याच पत्र सूचना कार्यालयाचा ‘पीआयबी फॅक्ट चेक’ २०१९ पासून रोज खुलासे करतोच आहे. त्यानं आपल्या फळ्यावर खुशाल मोठ्या अक्षरांत लिहावं. दुसऱ्याच्या फळ्यावरचं डस्टर मागू नये, एवढंच मुंबईनं सांगितलं.

बाहेर काय चाललंय, हे थोडक्यात. सिंगापूरनं २०१९ च्या कायद्यानं मंत्र्याच्याच हातात डस्टर दिलं. तिथं पोस्टखाली सरकारी खुलासा लावायची सक्ती होऊ शकते. युरोपीय संघानं २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात वेगळी दिशा धरली. एकेका पोस्टपेक्षा कंपनीची रचना तपासायची: तुमच्यामुळे काय धोके तयार होतात ते दरवर्षी लिहून द्या, बाहेरच्यांकडून तपासून घ्या, काय पुसलं आणि का ते वापरणाऱ्याला कळवा. चुकलात तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. ही वाट कंटाळवाणी आहे, कागदपत्रांची आहे, मथळे मिळवून देणारी नाही. मला ती राईनपाड्यानंतरच्या गतिरोधकाच्या जास्त जवळची वाटते.

तुमची पोस्ट गेली तर

शेवटी आपल्यापुरतं. आधी एक भीती काढून टाका. ग्रुपचा अ‍ॅडमिन झालात म्हणून सदस्यांच्या पोस्टसाठी तुम्हाला उचलतील, असं पुष्कळांना वाटतं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्यानं काय लिहिलं यासाठी, पूर्वनियोजित संगनमत असल्याशिवाय, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. निरोप आधी तपासून मग टाकायची सोय त्याच्याकडे नसते. म्हणजे तोही छोटासा मंडळवालाच.

तुमची स्वतःची पोस्ट गेली तर आधी पाहा, ती कुणी काढली. बहुतेक वेळा कंपनीनं स्वतःच्या नियमांखाली काढलेली असते. सरकारचा संबंध नसतो. कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो. तिथं लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या जानेवारी २०२३ पासून आहेत आणि फुकट आहेत.

पोस्टच्या जागी ‘कायदेशीर मागणीमुळे भारतात उपलब्ध नाही’ अशी पाटी दिसली, तर गाठ बहुधा सरकारशी आहे. इथं मात्र पंचाईत होते. ६९अ च्या नियमांत एक नियम सगळी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. कंपनी आदेश दाखवत नाही, सरकार प्रत देत नाही. नियमात नोटीस ‘व्यक्तीला किंवा मध्यस्थाला’ द्यावी असं आहे. या ‘किंवा’वर सगळी गाडी अडते. कंपनीला कळवलं, झालं काम. लिहिणाऱ्याला कळवायची गरज काय, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तनुल ठाकूर या पत्रकारानं २०११ मध्ये हुंड्यावर टोमणा मारणारं एक संकेतस्थळ काढलं होतं. मुलाचं शिक्षण, पगार, जात भरा आणि त्याला किती हुंडा मिळेल ते पाहा, असं ते उपहासाचं यंत्र. २०१८ मध्ये ते बंद झालं. उपहास कळला नाही, की कळूनही नको वाटला, कोण जाणे. ठाकूर यांना ना नोटीस आली ना आदेश. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, आदेशाची प्रत त्यांना द्या आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. आपलं लिहिलेलं का पुसलं हे सांगणारा कागद हातात पडायला चार वर्षं आणि एक याचिका लागली.